सुरूच्या बनाआधी

शाळेचा इतिहास या स्मरणिकेत माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहीत आहेत. मी लिहिते आहे ते शाळेभोवतीच्या झाडांबद्दल. त्याला कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरची नारळी-पोफळीची आगरं आडवी झाली, शाळेचे पत्रे उडाले. तेव्हा आपण सगळ्या बॅचनी मिळून काढलेल्या वर्गणीतून छप्पर झालं आणि थोडे पैसे उरले. ते झाडं लावण्यावर खर्च करायचं ठरतं आहे. जागा दोन: शाळेमागचा सडा आणि समुद्राकडची वाळूची पट्टी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यादीही फिरते आहे. पट्टीवर सुरू, सड्यावर अकेशिया, गुलमोहर आणि जेसीबीने खड्डे मारून हापूस. यादी करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण या यादीतलं हापूस सोडलं तर एकही झाड इथलं नाही, आणि हापूसची कलमंही सड्यावरची नव्हेत. म्हणून निर्णय होण्याआधी हे सगळं एकदा सांगावं असं वाटलं.

सुरूपासून सुरुवात करते, कारण आपल्या सगळ्यांच्या मनातला समुद्र सुरूच्या बनातूनच दिसतो. शाळेची सहल, डबा, सुरूच्या काड्यांवर घसरणं, वाऱ्याचा तो सूं सूं आवाज. त्यामुळे हे बन परशुरामाच्या वेळेपासूनचं असावं असं वाटतं. ते तसं नाही. सुरू हे मूळचं ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरचं झाड. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची पद्धतशीर लागवड झाली ती १८६० च्या दशकात, कारवारकडे. कारवार तेव्हा नुकतंच मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आलं होतं. रेल्वेच्या इंजिनांना जळण हवं होतं आणि सुरूचं लाकूड झकास जळतं. वाळूत येतं, खारा वारा सोसतं, पाच-सात वर्षांत डोक्यावर जातं. वनखात्याला याहून सोयीचं झाड मिळणार नव्हतं. पुढे इंजिनं कोळशावर आणि डिझेलवर गेली, पण सुरू राहिला. मग त्याला दुसरं काम मिळालं, किनाऱ्याची धूप थांबवण्याचं. आपल्या लहानपणी त्याच नावाखाली तो जागोजाग लागला.

सुरूवर अन्याय करायचा नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, त्याची सावली पर्यटकांना आवडते, बारक्या काटक्यांवर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या आहेत. पण त्याच्याखाली काड्यांचा जो जाड थर बसतो त्यात दुसरं फारसं उगवत नाही. शिवाय वाळूत मुळं उथळ राहतात. निसर्ग वादळात आपल्या पट्टीवरची सुरूची झाडं मुळांच्या थाळीसकट उलटी पडलेली आपण पाहिली. आणखी एक गोष्ट कासवांची. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आज तिथला कासव महोत्सव सगळ्यांना माहीत आहे. मादी कासवाला अंडी घालायला भरतीच्या रेषेवरची उघडी, सैल वाळू लागते. तिथपर्यंत सुरूची दाट रांग आणून ठेवली की तिची जागाच जाते.

मग सुरूच्या आधी या पट्टीवर काय होतं? हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. जिथे कोणी काही लावलं नाही अशा दोन-तीन जागा खाडीच्या तोंडाशी अजून आहेत. पाण्याकडून गावाकडे चालत या. पहिली लागते मर्यादवेल. जांभळी फुलं, आपट्यासारखी दुभंगलेली पानं, वाळूवर वीस-वीस हात सरपटत गेलेली. नाव किती नेमकं आहे बघा! समुद्राने इथवर यायचं, ही मर्यादा. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं आणि वाळू तिथे अडकते. त्या अडकलेल्या वाळूचीच टेकडी होते. टेकडीच्या पाठीवर निगडी आणि केवडा. केवड्याची आधारमुळं आणि करवती पानं यांतून वारा चाळून जातो. त्याच्यामागे, जरा निवाऱ्याला, भेंड, करंज आणि उंडी. म्हणजे वाऱ्यापुढे एक भिंत उभी करण्याऐवजी एक चढण होती. वारा पायरीपायरीने वर उचलला जायचा आणि आगरातल्या पोफळीच्या डोक्यावरून निघून जायचा. आपण खालच्या पायऱ्या काढून टाकल्या आणि एकच उंच भिंत बांधली.

यातली उंडी मला सगळ्यात जवळची, आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. चकचकीत जाड पानं, पांढरी सुवासिक फुलं, गोल हिरवी फळं. आपण ती गोट्या म्हणून वापरायचो. त्या गोटीच्या आत जी बी आहे तिच्या वजनाचा मोठा हिस्सा तेलाचाच असतो. रॉकेल येण्याआधी किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतले आणि देवळांतले दिवे या कडू तेलावर जळत. होड्यांना लावायलाही तेच, आणि संधिवाताच्या गुडघ्यांनाही तेच. लाकूड होडीच्या कामाचं, खाऱ्या पाण्यात टिकणारं. रॉकेल आलं, मग वीज आली, होड्यांना फायबर आलं आणि उंडीचं काम संपलं. काम संपलेल्या झाडाला कोणी राखत नाही. आपल्या गावात जुनी, दोघांच्या कवेत न मावणारी उंडी मी मोजली तेव्हा अकरा भरली. सगळी एकतर देवळाजवळ किंवा भावकीच्या वादातल्या जमिनीत. कोकणात भाऊबंदकीने राखलेलं जंगल हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आरमारी लाकडावरून आठवलं. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या प्रकरणात झाडांचा विचार केला आहे. साग वगैरे लाकूड राज्यातल्या जंगलातून परवानगीने घ्यावं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ते झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही, लोकांनी ते लेकरासारखं वाढवलेलं असतं. फारच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. हा उतारा आपल्याला शाळेत शिवकालीन पर्यावरण म्हणून शिकवला. मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की लिहिणाऱ्याला झाड वाढायला किती काळ लागतो याचा हिशेब माहीत होता.

आता झाडांच्या लेखी नोंदींकडे येते. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात आपला रातांबा आहे, बिरंड या गोव्याच्या नावावरून केलेल्या पोर्तुगीज नावाने. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन रीड याने १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये बारा खंडांचं ‘हॉर्टस मलबारिकस’ छापवलं. त्याला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हा मल्याळी वैद्य होता, आणि कोचीनला स्थायिक झालेले तीन कोकणी वैद्य होते: रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्या तिघांचं नागरी लिपीतलं कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेल्या पुस्तकात आपल्या लिपीतली ती अक्षरं पाहिली तेव्हा अंगावर काटा आला.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला तो १८४७ मध्ये, अलेक्झांडर गिब्सन. पेशाने डॉक्टर, त्याआधी पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख. त्याने आणि डॅल्झेल याने मिळून १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ काढलं. पण माझा आवडता माणूस त्यानंतरचा, थिओडोर कुक. हा आयरिश गृहस्थ शिक्षणाने इंजिनिअर. आधी रेल्वेच्या पुलांवर काम केलं, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य झाला आणि निवृत्तीनंतर मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ लिहायला बसला. १९०१ ते १९०८ अशी आठ वर्षं तो भागाभागाने छापला जात होता. इंजिनिअर बाईने झाडांत नाक खुपसायचं काय कारण, असं विचारणाऱ्यांना मी कुकसाहेबांचं नाव सांगते. कुकच्या ग्रंथाचा मला सर्वात मोठा उपयोग झाला तो त्यातल्या देशी नावांचा. शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलेलं नाव घ्यायचं, कुकमध्ये शोधायचं, पान-फूल ताडून बघायचं. बहुतेक वेळा मामा बरोबर निघाले.

ग्रंथात नावं नोंदली जात होती त्याच काळात झाडी मात्र तुटत होती. रत्नागिरी जिल्ह्याचं वेगळेपण हे, की इथे सरकारी जंगल नावापुरतंच आहे. जवळपास सगळी झाडी खाजगी: आधी खोतांची, १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर कुळांची आणि वाटेकऱ्यांची. भाताच्या रोपवाटिकेला राब भाजायला आईन-किंजळाचे टहाळ लागत, पण टहाळ तोडायला झाड जिवंत ठेवावं लागतं. शेतकऱ्याने झाड बोडकं केलं, पण मारलं नाही. मारलं ते ठेकेदारीने. मुंबईला गेलेल्या माणसाला डोंगरातल्या पाच-सहा एकरांची गरज नाही, पोराच्या फीची आहे. ठेकेदार रोख पैसे देतो, कोळशाच्या भट्ट्या लागतात, ट्रक घाटावर जातात. बुंध्यांना फूट येते, दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा तोड. दर फेरीला आईन, किंजळ, नाणा, शिवण कमी होतात आणि झुडपं वाढतात. हे अजून चालू आहे, आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर ती जमीन आहे त्यातले काही जण ही स्मरणिका वाचत आहेत.

देवराया तेवढ्या उरल्या. १९७० च्या दशकात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे (तेव्हाची महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी) डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांची नोंद केली, म्हणून जगाला त्या कळल्या. आपल्याला त्या ठाऊकच होत्या. राईतली सुकी काटकीही उचलायची नाही, झाड तोडायचं तर देवाला कौल लावायचा, आणि देव बहुधा नाही म्हणायचा. आपल्या गावच्या राईत सातवीण आहे, बकुळ आहे, काजरा आहे आणि हातभर लांब शेंगांची गारंबी झाडांवरून झाडांवर लोंबते आहे. गावचा पऱ्या त्या राईतून निघतो आणि एप्रिलअखेरपर्यंत वाहतो. शेजारच्या एका गावात देवळाचा जीर्णोद्धार झाला. मुंबईच्या मंडळाने पैसे जमवले, कमी पडले ते राईतली झाडं विकून उभे केले. देऊळ संगमरवरी झालं आणि पऱ्या आता फेब्रुवारीत आटतो. आपल्याकडेही जीर्णोद्धाराची बोलणी सुरू आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. मी विरोधात नाही. कौलारू देऊळ गळतं आहे, दुरुस्त व्हायलाच हवं. पण अंदाजपत्रकात राईतल्या झाडांची किंमत जमेला धरू नये एवढं मी समितीला लेखी कळवलं आहे.

आपण शाळेत होतो तेव्हा काय लागत होतं, तेही नोंदवायला हवं. राज्याचा सामाजिक वनीकरण विभाग १९८० च्या दशकात सुरू झाला. जुलैतल्या वनमहोत्सवाला काळ्या पिशव्यांतली रोपं यायची, आपण प्रभातफेरी काढून ती लावायचो. ती होती ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे अकेशिया, आणि गिरीपुष्प. कारण सरळ होतं. अकेशियाला गुरं तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही आणि ‘जगलेल्या रोपांची संख्या’ या रकान्यात आकडा चांगला येतो. हापूस आणि काजूचं युग आलं ते १९९० मध्ये, रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना निघाल्यावर. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, म्हणजे तोही पाहुणाच. पण चारशे वर्षं राहिलेल्या पाहुण्याला कोणी पाहुणा म्हणत नाही, आणि त्या योजनेने अनेक घरांच्या चुली सावरल्या हेही खरं.

आता सडा. सातबाऱ्यावर तो पोटखराबा आहे, बोलण्यात माळ, आणि यादी करणाऱ्यांच्या मते ‘नुसता पडून आहे’. डिसेंबरात पाहिला तर तसंच वाटतं. पण पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी काळ्या कातळाच्या भेगांतून कंद वर येतात. दीपकाडीची एक पांढऱ्या फुलांची जात आहे, फक्त कोकणच्या सड्यांवर सापडणारी. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन वर सांगितलेल्या डॅल्झेलने केलं आणि तिच्या नावातच कोकण आहे. ऑगस्टमध्ये डबक्यांच्या कडेला गेंदाची पांढरी बटणं, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा, पिवळा कवला, तेरडा. सीतेची आसवं ही कीटक खाणारी वनस्पती आहे. कातळावर माती बोटभर, तिच्यात पोषण नाही, म्हणून ती पाण्यातले बारीक जीव धरते. इतकी गरिबीला सरावलेली झाडं दुसरीकडे जगत नाहीत. आणि पावसाचं पाणी या सच्छिद्र जांभ्यातूनच खाली मुरून गावच्या विहिरींत उतरतं. राजापूर-रत्नागिरीकडच्या अशाच ‘पडून असलेल्या’ सड्यांवर कातळशिल्पं निघाली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आपल्या सड्यावर चित्रं नाहीत. सुरुंग लावून किंवा जेसीबीने खड्डे मारून बाहेरची माती भरली की हापूस येईलही, पण तो सडा राहणार नाही. आमच्या धंद्यात जुनी प्रणाली काढून टाकण्याआधी ती काय काय करत होती हे आधी तपासतात. न तपासता काढलं की रात्री दोनला फोन येतो. सड्याच्या बाबतीत तो फोन विहिरीकडून येईल.

माझं म्हणणं असं: सड्यावर एकही झाड लावू नये. तिथे फक्त वणवा थांबवायचा. डिसेंबर-जानेवारीत कडेने जाळरेषा काढायची, गुरं चरू द्यायची, गाड्या वर नेऊ द्यायच्या नाहीत. एवढ्याला पैसे फार लागत नाहीत, माणसं लागतात. पैसे खर्च करायचे ते दोन ठिकाणी. एक, सड्याच्या उतारावर, जिथे माती आहे आणि जुने बुंधे आहेत. तिथे निम्मं काम कुंपणानेच होतं. आईन-किंजळाचे बुंधे आपोआप फुटतात, मधल्या जागांत जांभूळ, रातांबा, बेहडा, शिवण, सातवीण भरायची. दोन, समुद्राकडची पट्टी. उभा सुरू तोडायचा नाही. पडलेल्या सुरूच्या जागी आणि त्याच्या पुढे मर्यादवेलीचे तुकडे, मग निगडीच्या काठ्या, केवड्याचे फुटवे, आणि गावाच्या बाजूला उंडी, करंज, भेंड. खाडीच्या बाजूला तर काहीच लावायचं नाही. तिथे खाजणाचा जुना बांध फुटला आहे आणि चिपी, तिवर, कांदळ आपण होऊन परतत आहेत. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि भाल्यासारखं चिखलात पडतं, त्याला आपल्या मदतीची गरज नाही. पांढरी चिपी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे, हे मुलांना फलकावर लिहून दाखवावं.

रोपांबद्दल थोडं, कारण ‘नर्सरीतून आणू’ असं सगळे म्हणतात. उंडी, काजरा, नाणा नर्सरीत क्वचितच मिळतात. बी आपणच गोळा करावं लागतं. रातांब्याचं बी मेमध्ये काढून लगेच पेरायचं, जांभळाचं जूनमध्ये तसंच. कपाटात ठेवलं की मरतं. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फूल येईपर्यंत सात-आठ वर्षं कळत नाही. म्हणून कोकम हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठातून कलमं आणायची, जंगल हवं असेल तर बी लावायचं. उंडीचं कवच हलकं फोडून पेरलं तर लवकर रुजतं, अख्खं पेरलं तर कधीकधी तीन-तीन महिने वाट पाहायला लावतं. शाळेच्या विहिरीमागच्या मांडवात आज १४० उंडी, ९० करंज, ६५ जांभूळ आणि ५० सातवीण तयार आहेत. आठवी-नववीच्या मुलांनी दर शनिवारी पिशव्या भरल्या. पहिली दोन वर्षं मार्च ते मे पाणी घालायला एक माणूस लागेल. त्याचा पगार वर्गणीतून द्यावा, कारण रोपांपेक्षा तोच खर्च मोठा आणि महत्त्वाचा आहे.

मेळाव्याच्या दिवशी, डिसेंबरात, सड्यावर काही दिसणार नाही. म्हणून मागच्या तीन पावसाळ्यांतले सड्याचे फोटो दहावी अच्या वर्गात लावले आहेत. त्याखाली शिपाईमामांनी सांगितलेली नावं आहेत, आणि सात फोटोंखाली जागा कोरी आहे. कोणाच्या आईला, आजीला नावं माहीत असतील तर पेन तिथेच बांधून ठेवलं आहे. वर्गणीचा निर्णय दुपारी चारच्या सभेत व्हायचा आहे.